नाताळ मुलांच्या हाती

नोव्हेंबर संपत आला की पालकसभेत एक प्रश्न हमखास यायचा. "टीचर, या नाताळात मुलांसाठी काय करू?" मी वसईत बरीच वर्षं बालवाडीवर शिकवलं आणि रविवारी मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, लहान मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग घेतले. बालवाडीतून निवृत्त झाले, रविवारचे वर्ग अजून चालू आहेत. दोन्हीकडची मुलं तीन ते आठ वर्षांची आणि पुष्कळदा आयाही त्याच. नवे कपडे घेऊन झालेले असायचे, केकची ऑर्डर दिलेली असायची, प्लॅस्टिकचं झाड माळ्यावरून खाली आलेलं असायचं. तरी सणात काहीतरी राहून जातंय अशी रुखरुख त्यांना असायची. एका आईने ती नेमकी सांगितली होती : "आमच्या लहानपणी घरात पैसा नव्हता, तरी डिसेंबरभर नाताळ चाललेला असायचा. आता सगळं आहे, आणि पंचवीस तारखेचं जेवण उरकलं की सण संपतो."

या प्रश्नाचं उत्तर मला मुलांनीच दिलं. जानेवारीत बालवाडी पुन्हा भरली की मी मुलांना गोल करून बसवायची आणि नाताळात काय काय झालं ते सांगायला लावायची. मिळालेल्या गाड्या, बाहुल्या, बूट यांची नावं पहिल्या काही मिनिटांत संपून जायची. मग खरं बोलणं सुरू व्हायचं. "मी रोज गवताला पाणी घातलं." "मी पप्पांना खळ लावून दिली." "मी आजीच्या बाजूला बसून कुलकुल वळले. माझे वाकडे झाले, पण आजीने तेसुद्धा तळले." हे सांगताना मुलं उठून उभी राहायची, हाताने करून दाखवायची. ज्या मुलांच्या घरी सगळं आणलेलं आणि मांडलेलं असायचं, ती मुलं मात्र वस्तूंच्या नावांपाशीच थांबायची.

वर्षानुवर्षं हेच ऐकल्यावर माझं मत पक्कं झालं. लहान मुलाला सण समजतो तो त्याच्या वाट्याला आलेल्या कामातून. ते काम त्याच्या वयाला झेपणारं हवं, खरं हवं, म्हणजे ते झालं नाही तर घराला जाणवलं पाहिजे, आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा त्याच्याकडेच आलं पाहिजे. एवढं जमलं की घरात परंपरा तयार झाली असं समजावं. मी पालकांना जे जे सुचवत आले ते याच एका विचारातून.

सुरुवात मी नाचणीपासून करायला सांगते. नाताळच्या गोठ्यात, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यात, हिरवळ दिसावी म्हणून एखाद्या पसरट भांड्यात धान्य पेरायची रीत आमच्याकडे जुनी आहे. गोव्यात आणि मंगळूरकडेही नाचणी पेरतात. युरोपात क्रोएशिया आणि हंगेरीत १३ डिसेंबरला, संत लुसीच्या सणाला, गहू पेरतात. लहान मुलासाठी याहून चांगलं काम मला माहीत नाही. रात्रभर नाचणी भिजवायची, सकाळी ताटलीत किंवा नारळाच्या करवंटीत माती घालून तिच्यावर पसरायची, वरून ओलं गोणपाट झाकायचं. दोन-तीन दिवसांत पांढरे कोंब दिसतात. मग भांडं उजेडात ठेवून हाताने पाणी शिंपडत राहायचं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पेरलं तर नाताळच्या आदल्या दिवशी बोटभर उंच हिरवंगार गवत तयार असतं. चार वर्षांच्या मुलाला 'अजून दोन आठवडे' म्हणजे किती ते कळत नाही. गवत किती वाढलं ते त्याला दिसतं.

एका वर्षी एका मुलाची नाचणी सुकली. घरात लग्नाची गडबड होती, तो दोन दिवस आजोळी राहिला आणि पाणी घालायचं राहून गेलं. आई विचारायला आली, बाजारात प्लॅस्टिकचं गवत मिळतं, ते लावू का? मी म्हटलं, त्याच्या हाताने पुन्हा पेरा, जेवढं उगवेल तेवढं उगवेल. नाताळला त्या घरच्या गोठ्यात जेमतेम नखाएवढे कोंब होते. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तो मुलगा हात धरून गोठ्यापाशी न्यायचा आणि गवत बुटकं का आहे ते सविस्तर सांगायचा. मोठ्यांनी गुपचूप बदलून ठेवलेलं हिरवंगार गवत त्याला इतकं आपलं वाटलं नसतं. मुलाचं काम बिघडलं तर ते तसंच राहू द्यावं, असं मी तेव्हापासून आग्रहाने सांगते.

दुसरं काम ताऱ्याचं. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती घरांत तारा करायचं कसब वेगळं शिकावं लागत नाही, कारण दिवाळीचा आकाशकंदील आणि नाताळचा तारा एकाच सामानातून होतात. बांबूच्या कामट्या, दोरा, पतंगाचा कागद आणि पिठाची खळ. दहा लांब कामट्यांचे दोन पंचकोनी तारे बांधायचे, ते एकमेकांवर ठेवून टोकं जुळवायची आणि मधे पाच आखूड कामट्या उभ्या बसवल्या की तारा फुगतो. कामट्या तासणं आणि गाठी मारणं हे मोठ्यांचं काम. पाच वर्षांचं मूल कागदाला खळ लावू शकतं, सात वर्षांचं रंग ठरवून कागद कापू शकतं. आमच्या भागात शेजारच्या हिंदू घरातले काका दिवाळीला मुलांना कंदील शिकवतात आणि महिन्याभराने तीच मुलं त्याच ओट्यावर तारा बांधायला बसतात. बाजारातला एलईडीचा तारा अधिक चमकतो आणि पावसात भिजत नाही, हे खरं. तरी घरातल्या एका तरी ताऱ्यावर मुलाच्या बोटांचे खळीचे डाग असावेत, असं मला मनापासून वाटतं.

मग गोठा. इटलीतल्या ग्रेच्चो या गावी १२२३ साली संत फ्रान्सिस आसीसीकर यांनी नाताळच्या रात्री खरा बैल, खरं गाढव आणि गव्हाण मांडून येशूच्या जन्माचा देखावा उभा केला. ज्यांना लॅटिन कळत नव्हतं, पोथ्या वाचता येत नव्हत्या, अशा साध्या माणसांना बेथलेहेमची गरिबी डोळ्यांनी दिसावी म्हणून. मुलांना ही गोष्ट फार आवडते, कारण खऱ्या बैलाची कल्पना त्यांना लगेच पटते. आमच्या गावांत गोठ्यांच्या स्पर्धा होतात. तरुण मुलं रात्र रात्र जागून डोंगर, धबधबे, फिरती चाकं उभारतात. त्यांच्या मेहनतीचं मला कौतुक आहे. पण तिथे लहान मुलांना दोरीच्या अलीकडे उभं राहून बघावं लागतं. म्हणून घरात एक छोटा गोठा असावाच आणि तो मुलांच्या हाताला येईल इतक्या उंचीवर असावा. मूर्ती मातीच्या, लाकडाच्या, कापडाच्या, कशाच्याही चालतील. मुलं त्या उचलतील, मेंढरांची जागा बदलतील, गाढवाला गवत खायला नेतील. नेऊ द्यावं.

पेंढा हा आमच्याकडे गोठ्याचा प्राण. वसईच्या शेतांत भाताची कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते, त्यामुळे डिसेंबरात ताजा, सोनेरी पेंढा मिळायचा. आता शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि सातव्या मजल्यावर राहणाऱ्या आया विचारतात, पेंढा कुठून आणू? फळवाल्याकडे पेट्यांतून पेंढा येतो. तो मुलालाच मागायला पाठवा, असं मी सांगते. फळवाले बहुधा आनंदाने देतात, आणि कशासाठी हवाय असं विचारतात तेव्हा मुलाला आपल्या सणाची गोष्ट दुसऱ्याला सांगायची संधी मिळते.

गव्हाण चोवीस तारखेच्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवायची रीत आहे. बाळ येशूची मूर्ती मिस्सेहून आल्यावर घरातल्या सर्वांत लहान मुलाने ठेवायची. तोवर आगमनकाळात मुलांनी कुणासाठी काही चांगलं केलं की पेंढ्याची एक काडी गव्हाणीत टाकायची, म्हणजे बाळाचं अंथरूण मऊ होत जातं. हा प्रघात अनेक देशांतल्या ख्रिस्ती घरांत आहे. आजीची काठी आणून दिली, एक काडी. भावाला सायकल दिली, एक काडी. पालकांना मी एवढंच बजावते की काड्या मोजू नका आणि त्यांच्या बदल्यात बक्षीस देऊ नका. दोन भावंडांत कुणाच्या काड्या जास्त अशी चुरस लागली की बाळाचं अंथरूण बाजूला राहतं. काडी कुणी टाकली ते न विचारणं सर्वांत बरं.

आगमनकाळ म्हणजे नाताळच्या आधीचे चार रविवार. चर्चमध्ये हिरव्या डहाळ्यांच्या चक्रात चार मेणबत्त्या असतात, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी, आणि दर रविवारी एक जास्त पेटते. या चक्राचा उगम मला कळला तेव्हा माझ्या कामाविषयी मला नवी उमेद आली. हॅम्बुर्गमध्ये योहान हिनरिख विशर्न नावाचे पाद्री गरीब, निराधार मुलांसाठी आश्रम चालवत. नाताळ कधी, नाताळ कधी, असं मुलं रोज विचारायची. म्हणून १८३९ साली त्यांनी गाडीच्या एका चाकावर मेणबत्त्या बसवल्या. रोजच्या दिवसासाठी छोटी लाल, रविवारसाठी मोठी पांढरी. मुलं रोज एक पेटवायची आणि किती उरल्या ते त्यांना दिसायचं. आज जगभरच्या चर्चमध्ये दिसणारं हे चक्र अशा वाट पाहणाऱ्या मुलांसाठी निघालं.

घरी मेणबत्त्यांचं चक्र नसलं तरी चालतं. आमच्या वर्गातल्या मुलांच्या घरांत चार पणत्या एका ताटात मांडतात, दिवाळीतल्याच. ताटाभोवती आंब्याचे टाळे किंवा जास्वंदीची पानं. दर रविवारी संध्याकाळी पणती लावायची, दिवे मालवायचे, एक छोटी प्रार्थना म्हणायची आणि त्या आठवड्यात कुणाची आठवण काढायची ते मुलाने ठरवायचं. पाच मिनिटांचं काम आहे. पाच मिनिटांचंच ठेवा. ज्या घरांनी रोजच्या लांबलचक प्रार्थनेचा संकल्प केला, त्यांपैकी पुष्कळ घरं पहिल्या आठवड्यातच थकली. ज्यांनी चार रविवार, चार पणत्या एवढंच धरलं, त्यांची मुलं आता कॉलेजात आहेत आणि अजूनही काडेपेटी कुणाच्या हातात असावी यावरून वाद घालतात.

गोष्ट सांगणं हे काम मात्र मोठ्यांचं. लूकच्या शुभवर्तमानात दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला जन्माची कथा आहे. नावनोंदणीसाठी बेथलेहेमला निघालेलं जोडपं, उतारशाळेत जागा नाही, बाळाला कपड्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं, रानात राखण करणारे मेंढपाळ. वीस वचनांएवढा मजकूर, मोठ्याने वाचला तर तीन-चार मिनिटं. तेच शब्द दरवर्षी वाचावेत. सहा वर्षांच्या मुलाला पुढचं वाक्य पाठ असतं आणि ते आपल्या आधी म्हणतं तेव्हा त्याला जो आनंद होतो, तो नव्या गोष्टीने होत नाही.

मराठी ख्रिस्ती माणसाला या कथेसाठी दूर जावं लागत नाही. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटांनी ती मराठी ओवीत रचली आणि त्यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापलं गेलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५च्या पुढे, मिस्सा लॅटिनऐवजी मराठीत होऊ लागली. माझ्या वर्गातल्या मुलांच्या काही पणज्यांना लॅटिन प्रार्थनांचे तुकडे अजून पाठ आहेत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वसईतच राहून 'सुवार्ता' मासिक चालवलं, हरित वसईसाठी चळवळ उभारली, आणि 'सुबोध बायबल' लिहिलं. २०२०च्या जानेवारीत उस्मानाबादला भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांचं बायबल मी मुलांना वाचून दाखवते, कारण वाक्यं मुलाच्या कानाला सहज लागतात. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलांनासुद्धा ही कथा घरच्या भाषेत ऐकवावी असा माझा आग्रह आहे. बाळाला जागा मिळाली नाही हे दुःख मुलाला आईच्या भाषेत जितकं लागतं तितकं दुसऱ्या भाषेत लागत नाही.

आमच्याकडे बरेच बाप जहाजावर किंवा आखातात असतात, काही कुटुंबं कॅनडात स्थायिक झाली आहेत. नाताळला बाबा घरी नसणं ही वसईतल्या अनेक मुलांची नेहमीची गोष्ट. एका घरात वडील जहाजावर जाण्याआधी लूकचा तो भाग आपल्या आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवतात आणि चोवीसच्या रात्री गोठ्यापुढे बसून सगळे तो ऐकतात. दुसऱ्या एका घरातली आत्या टोरंटोला असते. तिथली घड्याळं हिवाळ्यात साडेदहा तास मागे, म्हणून आमच्याकडे रात्री बाळ गव्हाणीत ठेवलं जातं तेव्हा तिथे भरदुपार असते, आणि ती कामातून दहा मिनिटं काढून फोनवर हजर राहते. जो माणूस घरात नाही त्याच्यासाठीही सणात एक नेमून दिलेलं काम असावं. त्यामुळे त्याची गैरहजेरी मुलाला सोसते.

खाण्याच्या पदार्थांत मुलांचा पदार्थ कुलकुल. मैदा, थोडा रवा, नारळाचं दूध, अंडं, चवीला साखर-मीठ आणि तुपाचं मोहन घालून पीठ मळायचं. बोराएवढी गोळी घेऊन काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कंगव्यावर दाबायची आणि अंगठ्याने गुंडाळत आणायची. शिंपल्यासारखा रेघारेघांचा आकार होतो. तळून साखरेच्या पाकात घोळवलं की झालं. एका घराला पुरतील एवढे वळायला चार-पाच जणांना संध्याकाळभर बसावं लागतं, आणि त्यातच याचं मोल आहे. टीव्ही बंद, सगळे चटईवर, मधे परात. आजी बोलायला लागते. विहिरीवरच्या रहाटाच्या, बैलगाडीने आगाशीच्या बाजाराला केळी नेण्याच्या, तिच्या आजीच्या गोष्टी या परातीभोवतीच निघतात. विकतच्या कुलकुलांची चव कदाचित चांगली असेल, पण त्या संध्याकाळी आजीला बोलतं करणारी परात विकत मिळत नाही.

वळलेलं सगळं घरात ठेवायचं नसतं. दिवाळीत ज्या घरांतून चिवडा-चकलीचं ताट आलं, त्या घरांत नाताळचं ताट जातं, वर क्रोशाचा रुमाल घातलेलं. हे ताट मुलाने न्यावं. दार वाजवावं, ताट द्यावं, "हॅपी ख्रिसमस काकू, मी वळलेत" असं सांगावं, रिकामं ताट घेऊन परत यावं. आमच्याकडे बहुतेक घरांत कुणी वारलं असेल तर त्या वर्षी तारा लागत नाही, गोडधोड होत नाही. अशा घरी शेजाऱ्यांनी ताट पोचवायचं असतं. तिथेही मुलाला बरोबर न्यावं. काही आया म्हणतात, लहान मुलाला दुःखाच्या घरी कशाला? मुलं दुःखाच्या घरी शांत बसतात, म्हाताऱ्या माणसाचा हात धरतात. हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

सांताक्लॉजविषयी दरवर्षी विचारणा होते. मूल विचारतं, सांता खरा आहे का, तर काय सांगायचं? मी मुलांना संत निकोलसची गोष्ट सांगते. चौथ्या शतकातले मायराचे बिशप. मायरा आजच्या तुर्कस्तानात आहे. तीन गरीब मुलींची लग्नं हुंड्याअभावी अडली होती, तेव्हा त्यांनी रात्रीच्या अंधारात त्यांच्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या, अशी आख्यायिका आहे. त्यांचा सण ६ डिसेंबरला येतो. या गोष्टीत मुलाला करता येण्यासारखं खूप आहे. आमच्या वर्गात त्या आठवड्यात प्रत्येक मुलाने कुणाला तरी गुपचूप काहीतरी द्यायचं असतं. पेन्सिल, पेरू, स्वतः काढलेलं चित्र. नाव सांगायचं नाही. गुपित पोटात ठेवताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. सात-आठ वर्षांचं मूल जेव्हा ओळखतं की उशाशी भेट आईच ठेवते, तेव्हा त्याला जवळ बसवावं आणि म्हणावं, "आता तू मोठा झालास. या वर्षीपासून धाकट्या बहिणीसाठी तूच ठेव." एवढं केलं की ते मूल फसवलं गेल्यासारखं रुसत नाही. देणाऱ्यांच्या बाजूला आल्याचा त्याला अभिमान वाटतो.

एक गोष्ट मात्र मी पालकांना कळकळीने करू नका म्हणते. "असं वागलास तर सांता येणार नाही" ही धमकी. येशूचा जन्म झाला तो कुणाची लायकी पाहून झाला नाही, हीच तर नाताळची मूळ शिकवण. ती शिकवायची आणि त्याच महिन्यात भेटवस्तूवरून मुलाला धाक घालायचा, हे जुळत नाही. शिस्तीसाठी वर्षाचे बाकीचे दिवस आहेत.

आता परंपरेची खरी परीक्षा. पालकांना मी सांगते, जी रीत सुरू कराल ती सर्वांत वाईट वर्षीही करता येईल अशी हवी. नोकरी गेलेली असेल, आई आजारी असेल, घरात कुणी नसेल, तरी जमली पाहिजे. एका घरात आजोबा ऑक्टोबरात गेले. त्या वर्षी तारा नाही, गाणी नाहीत, पाहुणे नाहीत. घरातली पाच वर्षांची मुलगी डिसेंबरात आईला म्हणाली, "नाचणी तरी पेरायची ना? ती माझी आहे." आईने मला विचारलं, चालेल का? मी फादरांशी बोलले, आणि त्यांनाही त्यात काही गैर वाटलं नाही. त्या मुलीने नाचणी पेरली, पाणी घातलं आणि आजोबांच्या फोटोपुढे ती हिरवी ताटली ठेवली. पुढच्या वर्षी त्या घरात तारा परत लागला. मधल्या वर्षी नाताळ त्या मुलीने राखला होता. खर्चिक सहली, मोठ्या पार्ट्या, हॉटेलातली जेवणं अशा वर्षी आपोआप गळून पडतात. पेरणं, पणती, गोष्ट आणि ताट टिकतात.

नाताळ पंचवीस तारखेला संपत नाही, हेही मुलांना करून दाखवता येतं. ६ जानेवारीला तीन राजांचा सण येतो. मत्तयच्या शुभवर्तमानात पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांची संख्या दिलेली नाही, त्यांच्या भेटी तीन, म्हणून परंपरेने राजे तीन झाले. गोव्यात रेइश मागूश, चांदर आणि कासावलीजवळच्या कुएली येथे या दिवशी राजांच्या पोशाखातली मुलं मिरवणुकीने चर्चला येतात. घरी मी असं सुचवते की तिन्ही राजांच्या मूर्ती नाताळच्या दिवशी गोठ्यापासून दूर, पुस्तकांच्या फळीवर ठेवाव्यात. रोज मुलाने त्यांना थोडं थोडं पुढे सरकवावं. फ्रीजवरून, खिडकीच्या कठड्यावरून, टेबलाच्या कडेने त्यांचा प्रवास चालतो आणि ६ तारखेला ते गव्हाणीपाशी पोचतात. शाळा सुरू झालेली असते, डबे भरायची घाई असते, तरी सकाळी मूल आधी राजांना सरकवतं.

त्यानंतरचं आवरणं हाही सणाचाच भाग. मूर्ती वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात ठेवणं, पेंढा झाडांच्या बुंध्याशी टाकणं, नाचणीची ताटली कोंबड्यांना देणं, कामट्या पुढच्या दिवाळीसाठी बांधून ठेवणं. मुलं हे आनंदाने करतात. खोक्यात वर एक कागद ठेवावा आणि त्यावर कुणाचं कोणतं काम ते लिहावं. नाचणी कुणाची, बाळ ठेवणं कुणाचं, शेजारचं ताट कुणाचं. मूल मोठं झालं की आपलं काम धाकट्याला सोपवून नवं घेतं, आणि तेही कागदावर चढतं.

पालकांना माझी विनंती एवढीच आहे. या डिसेंबरात नवं काही विकत घेण्याआधी घरातल्या प्रत्येक मुलाला एक काम द्या, आणि देताना सांगा की पुढच्या वर्षीही हे तुझंच. काम छोटं असू द्या, वाकडं होऊ द्या, पण त्याच्या वाटचं तुम्ही करू नका. ज्या मुलाकडे असं काम आहे, त्याच्या घरी नाताळची तयारी डिसेंबर उजाडताच ते मूलच सुरू करतं.